शेतातलं, परसातलं घरून विकायचं तर कोणते परवाने लागतात?

परसदार | ६ मे २०२४, सकाळी ९:१०

गुहागर तालुक्यातल्या एका कुटुंबासाठी ही माहिती जमवते आहे. त्यांच्याकडचा माल असा: हापूसच्या पेट्या, आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कैरीचं लोणचं, काजूगर, गावठी अंडी, थोडा मध आणि पावसाळ्याच्या तोंडावर आंब्या-काजूची कलमं. विक्री दारात, पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. काही गिऱ्हाईक पणजी आणि बंगळुरूलाही आहे. सगळं मिळून वर्षाची उलाढाल सात-आठ लाख.

गावात दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे "शेतकऱ्याला काहीच लागत नाही" आणि दुसरं म्हणजे "बाटली भरलीस की कारखान्याचं लायसन हवं". मला दोन्ही चुकीची वाटतात. कुठल्या मालाला काय लागतं ते नेमकं सांगाल का? ऐकीव नको, कलमासकट हवं.

कायदाकोश | ६ मे, ११:३२

मुळापासून घेऊ. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. त्यात 'प्राथमिक अन्न' म्हणजे शेती, फळबाग, पशुपालन किंवा मत्स्यपालनातून नैसर्गिक रूपात मिळालेला माल, पण तो शेतकरी किंवा मच्छीमार सोडून इतर कुणाच्या हातात असेल तर. म्हणजे तुमच्या झाडाचा आंबा तुमच्या हातात आहे तोवर तो या कायद्यापुरता 'अन्न'च नाही. व्यापाऱ्याने घेतला की झाला. शिवाय कलम १८(३) शेतकरी, पिकं, पशुधन आणि शेतकऱ्याने शेतस्तरावर घेतलेलं उत्पादन यांना कायद्यातून वगळतं.

तेव्हा हापूस, अंडी, सालासकट काजूबी यांना अन्न परवान्याचं काही नाही. लोणचं, आगळ, सोललेला भाजका काजूगर यांना नोंदणी हवी. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर परवाना नाही, फक्त नोंदणी. शुल्क वर्षाला १०० रुपये.

भातखाचर | ६ मे, १२:०५

कायदाकोश, आमसुलांवर माझा आक्षेप आहे. कोकमाची सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात वाळवली, एवढंच. ते शेतावरच होतं. १८(३) मध्ये 'शेतस्तरावर' हा शब्द स्पष्ट आहे. मग त्याला नोंदणी का?

कायदाकोश | ६ मे, १२:४०

वाद घालायला जागा आहे, मान्य. पण 'नैसर्गिक रूपात' ही अट व्याख्येत आहे आणि मीठ लावून, पुटं देऊन वाळवलेलं साल नैसर्गिक रूपात राहिलं असं अन्न सुरक्षा अधिकाऱ्यासमोर पटवणं अवघड. शंभर रुपयांच्या नोंदणीसाठी हा वाद ओढवून घेऊ नये. तसंही त्या घरात लोणच्यासाठी नोंदणी होणारच आहे, तिच्यातच आमसुलं घालायची. भरडून आणलेला तांदूळ, डाळ, हळदपूड यांनाही हाच सल्ला.

फॉर्मवाला | ६ मे, १४:१८

नोंदणीची प्रत्यक्ष कृती सांगतो, कारण अर्ज अडकतात ते इथेच.

फॉसकॉस हे एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं पोर्टल. पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतो की नाही ते बघून घ्या, सारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट शंभराच्या कामाचे हजारो घेतात. आधी राज्य निवडायचं, मग व्यवसायाचा प्रकार. बहुतेक जण 'किरकोळ विक्रेता' वर टिचकी मारतात आणि फसतात. तुम्ही लोणचं स्वतः बनवता, म्हणजे प्रकार 'उत्पादन'. किरकोळची नोंदणी असताना बाटलीवर 'उत्पादक' म्हणून नाव टाकलं तर ती विसंगती तपासणीत पहिली दिसते.

उत्पादनाखाली अन्नाचे गट येतात. फळं-भाज्यांपासूनचे पदार्थ, सुका मेवा, मध हे गट वेगवेगळे आहेत. जे जे बनणार ते सगळं आत्ताच निवडा, मागाहून घालायचं तर नोंदणीत बदलाचा अर्ज करावा लागतो. फॉर्म 'ए' ला फोटो आणि ओळखपत्र लागतं. पत्ता जिथे माल बनतो तिथला द्या. ओळखपत्रावर मुंबईचा पत्ता आणि स्वयंपाकघर गुहागरात असेल तर जागेचा पुरावा जोडलेला बरा: वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा मालकाचं संमतीपत्र.

अर्ज अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे जातो. नियमानुसार सात दिवसांत त्यांनी नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची, नाहीतर पाहणीची नोटीस काढायची. सात दिवसांत यातलं काहीच झालं नाही, किंवा तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर लहान उत्पादकाला काम सुरू करता येतं. हे नियमावलीतच आहे, आणि फार थोड्यांना ठाऊक असतं. त्रुटी निघाली तर पोर्टलवरच दिसते, म्हणून अर्ज भरून स्वस्थ बसू नका, दर दोन दिवसांनी बघत जा.

सुगरण_चिपळूण | ६ मे, १४:५५

एक भर. फक्त १२ लाखांवर जाऊ नका, उत्पादनक्षमताही बघतात: दिवसाला १०० किलो किंवा १०० लिटरपर्यंत. मे महिन्यात रोज दोनशे किलो कैरी कापणाऱ्या घराची उलाढाल चार लाख असली तरी ते नोंदणीत बसत नाही. मग राज्य परवाना, म्हणजे फॉर्म 'बी', जागेचा आराखडा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल आणि दिवसाला एक टनापर्यंतच्या उत्पादनाला वर्षाचं ३००० रुपये शुल्क. परवानाधारक उत्पादकाला दरवर्षी ३१ मेपर्यंत विवरणपत्रही भरावं लागतं, उशिराला रोजचे १०० रुपये. नोंदणीवाल्यांना विवरणपत्र नाही.

गोठा_आणि_परस | ६ मे, १५:३०

दूध विकायचं असेल तर? घरची दोन गाईंची विक्री आहे.

कायदाकोश | ६ मे, १५:५१

सहकारी दूध संस्थेचे सभासद असाल आणि सगळं दूध संस्थेलाच घालत असाल तर नोंदणीतून सूट. त्यातलं थोडं बाहेर रतीबाला दिलं तर ती सूट धरू नका, नोंदणी करून ठेवा. नोंदणीची मर्यादा दिवसाला ५०० लिटर, म्हणजे दोन गाईंना भरपूर. गाईच्या दुधाला ३.२ टक्के स्निग्धांश आणि ८.३ टक्के इतर घनपदार्थ हे मानक आहे. चारा बदलला की पावसाळ्यात फॅट खाली येतं, तेव्हा डेअरीवर नमुना तपासून घ्या. दही, तूप, खवा केला की तो प्रक्रिया केलेला माल.

लेबलमावशी | ६ मे, १७:२०

परवाना हा सोपा भाग आहे. लहान उत्पादकांना त्रास होतो तो लेबलवरून. कैरीचं लोणचं, २५० ग्रॅमची बरणी घेऊ.

पदार्थाचं नाव. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने: कैरी, मीठ, तेल (कुठलं ते लिहायचं, नुसतं 'खाद्यतेल' नको), तिखट, मोहरी, हळद, मेथी, हिंग. आता हिंगापाशी थांबा. बाजारातला बांधणी हिंग मैद्यात किंवा डिंकात मळलेला असतो. डबीमागे गव्हाचं पीठ लिहिलेलं असेल तर तुमच्या लेबलवर 'गहू असलेला पदार्थ' अशी अ‍ॅलर्जीची सूचना यायला हवी. काजूगरावरही 'काजू' म्हणून सूचना येते.

पुढे शाकाहारी चिन्ह, हिरव्या चौकटीत भरीव हिरवा गोल. लेबलचा मुख्य भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर गोलाचा व्यास किमान ३ मिलिमीटर, चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट. एफएसएसएआयचं बोधचिन्ह आणि १४ अंकी नोंदणी क्रमांक. निव्वळ वजन. बॅच क्रमांक. तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख. पोषणमूल्यांचा तक्ता. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता.

आणि लेबल नुसतं मराठीत चालत नाही. नियमाप्रमाणे आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, मराठी त्यासोबत. मराठी मोठ्ठं आणि देखणं लिहा, जरूर लिहा, पण खालचा आवश्यक मजकूर या दोनांपैकी एका भाषेत द्या. नुसत्या मराठीतलं लेबल सापडलं तर 'मिथ्याछाप' ठरू शकतं, आणि त्याला दंडाची कमाल मर्यादा ३ लाख आहे.

सुगरण_चिपळूण | ६ मे, १७:४४

घरचा पूर्ण पत्ता छापायलाच हवा का? घरात एकट्या बायका असतात, त्यांना ते नको वाटतं.

लेबलमावशी | ६ मे, १७:५८

छापावाच लागतो, त्यातून सुटका नाही. एक रस्ता आहे: बचत गटाने सामायिक जागा घ्यावी, नोंदणी गटाच्या नावाने त्या जागेची करावी आणि लेबलवर तोच पत्ता यावा. पण मग माल खरोखर तिथेच बनला पाहिजे. तक्रारीसाठीचा फोन क्रमांक घरचा न देता गटाचा वेगळा ठेवता येतो.

वजनकाटा | ६ मे, २०:०९

लेबलमावशींच्या यादीत दुसऱ्या कायद्याचा भाग राहिला. आवेष्टित वस्तूंचे वैधमापन नियम, २०११. गिऱ्हाईक समोर नसताना आधीच भरून ठेवलेलं पाकीट म्हणजे आवेष्टित वस्तू. समोर तोलून पिशवीत दिलं तर नाही. दारात आमसुलं सुटी तोलून विकणाऱ्याला हे नियम लागत नाहीत, हा फरक फार कामाचा आहे.

आवेष्टित असेल तर पाकिटावर 'सर्व करांसह' कमाल किरकोळ किंमत आणि एकक विक्री किंमत. एक किलोच्या आतल्या पाकिटाला दर ग्रॅमवर येतो: २५० ग्रॅमची बरणी १५० रुपयांना असेल तर ०.६० रुपये प्रति ग्रॅम. लहान उत्पादकांच्या बरण्यांवर ही ओळ जवळजवळ कधीच नसते. शिवाय नियम २७ प्रमाणे काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत आवेष्टक म्हणून नोंदणी, शुल्क ५०० रुपये.

काट्याचं पासिंग विसरू नका. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी, लोखंडी वजनं आणि तराजूची २४ महिन्यांनी. स्वयंपाकघरातला शेदोनशे रुपयांचा काटा व्यापाराला चालत नाही, कारण त्या मॉडेलला मान्यताच नसते आणि त्यामुळे त्यावर शिक्का बसत नाही. खरेदीच्या वेळी पडताळणीचं प्रमाणपत्र मागून घ्या. आणि लोणच्यातलं तेल झिरपतं, आमसूल सुकून वजनात घटतं. भरताना दोन-तीन टक्के जास्त भरा, लेबलवरचं वजन कमी पडायला नको.

सॅनहोजेकर | ६ मे, २२:३१

थोडं अवांतर. कॅलिफोर्नियात २०१३ पासून घरगुती अन्नाचा वेगळा कायदा आहे. 'अ' वर्गात थेट गिऱ्हाइकाला विक्री, 'ब' वर्गात दुकानांमार्फतही, पण त्यासाठी स्वयंपाकघराची तपासणी होते. लेबलवर 'घरच्या स्वयंपाकघरात बनवलेलं' असं लिहावं लागतं. परवानगी फक्त ठरलेल्या यादीतल्या टिकाऊ पदार्थांना: चिवडा, लाडू, सुके मसाले वगैरे. लोणची त्यात बसत नाहीत. इथल्या मराठी बायका दिवाळीचा फराळ विकतात तो याच कायद्याखाली.

भातखाचर | ६ मे, २२:५०

म्हणजे तिकडे लाडू कायदेशीर आणि लोणचं बेकायदा! आपल्याकडे शंभर रुपयांत दोन्ही. धन्यवाद सॅनहोजेकर, तुलना आवडली.

करपावती | ७ मे, ८:४०

जीएसटीचा मुद्दा कुणी घेतला नाही, आणि मूळ प्रश्नात बंगळुरू-पणजी आहे.

स्वतःच्या कसणुकीतला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या मालापुरती नोंदणी नाही (कलम २३). ताजी फळं करमुक्त आहेत, त्यामुळे हापूसची पेटी बंगळुरूला गेली तरी प्रश्न येत नाही. लोणचं, आगळ, बाटलीबंद आमरस हा करपात्र माल. राज्यातल्या राज्यात विकला तर ४० लाखांपर्यंत नोंदणी नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर गेला की कलम २४ लागतं, आणि तिथे उलाढालीची मर्यादाच नाही. पणजीला पाठवलेल्या लोणच्याच्या दहा बरण्यासुद्धा आंतरराज्य पुरवठाच. सिंधुदुर्गातल्या लोकांनी हे नीट लक्षात घ्यावं, त्यांना गोवा उंबऱ्यावर आहे.

ऑनलाइन मंचावरून विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे: राज्यांतर्गत विक्री आणि उलाढाल मर्यादेत असेल तर जीएसटी नोंदणीऐवजी पोर्टलवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन चालतं.

परसदार | ७ मे, ९:१५

करपावती, हे अगदी नवीन कळलं. म्हणजे आंबा बाहेर पाठवायचा आणि लोणचं महाराष्ट्रातच ठेवायचं?

करपावती | ७ मे, ९:२२

हो, किंवा पणजीच्या गिऱ्हाइकाने येऊन दारातून न्यावं, म्हणजे विक्री इथेच पूर्ण होते. बाहेरची मागणी खरंच वाढली तर सरळ नोंदणी करा.

आंबराई | ७ मे, १०:०३

हापूसला अन्न परवाना लागत नाही म्हणून सगळं मोकळं नाही. कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेली फळं विकायला बंदी आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो. भाताच्या पेंढ्यात आढी घालणं सगळ्यांत निर्धोक, फक्त थर दोन-तीनच ठेवा आणि रोज फिरवून बघा. खालचे गरम होऊन काळे डाग धरतात.

दुसरं, 'हापूस' या नावाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. गुहागरचा आंबा बसतो, पण मानांकनाचं चिन्ह पेटीवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. आणि पणन कायद्याची भीती काढून टाका: २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे, आवाराबाहेर थेट विकायला मोकळीक आहे.

सुगरण_चिपळूण | ७ मे, ११:३०

मालाच्या मानकांबद्दल, कारण नमुना घेतला तर तपासतात ते हेच. तेलातल्या लोणच्यात फोडी ६० टक्के हव्यात, आणि फोडींवर तेलाचा थर किमान अर्धा सेंटिमीटर किंवा एकूण तेल १० टक्के. मिठाच्या पाण्यातल्या लोणच्याला मीठ १२ टक्क्यांच्या खाली नको. हल्ली 'कमी मिठाचं, कमी तेलाचं' म्हणून करतात. त्याला बुरशी तर धरतेच, वर मानकातही बसत नाही. जॅमला ६५ ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं माप) आणि ४५ टक्के फळ. मधात पाणी २० टक्क्यांपर्यंतच. पोळं पूर्ण झाकलेलं नसताना मध काढला की तो पातळ राहतो आणि आंबतो. हे मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्याच, ब्रिक्सचा आणि मधाचा वेगवेगळा मिळतो.

बाटलीबंद गराला आम्लता मोजा. पीएच ४.६ च्या खाली असेल तर उकळत्या पाण्यात बाटल्या ठेवून भागतं. आंब्याचा रस सहसा खाली असतो. बरक्या फणसाचा गर वर जातो, त्याला सायट्रिक आम्ल घालून पीएच खाली आणल्याशिवाय बाटली बंद करू नका. घट्ट बंद बाटलीत, कमी आम्लात बॉट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढतात, आणि वासावरून ते कळत नाही. लसूण-तेलाच्या बरणीलाही हेच लागू. इथे परवान्यापेक्षा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

प्रत्येक बॅचची एक बरणी मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवा. तक्रार आली तर दाखवायला हातात काहीतरी असतं.

भातखाचर | ७ मे, ११:५२

आगळ जुन्या दारूच्या बाटल्यांत विकतात ते चालतं का? कोकणात सर्रास आहे.

लेबलमावशी | ७ मे, १२:१०

काच पुन्हा वापरायला सरसकट बंदी नाही. ती टिकाऊ, धुता आणि निर्जंतुक करता येण्यासारखी हवी. पण त्या बाटलीवर मूळ कंपनीचं नाव काचेतच उठवलेलं असतं, आणि तुमचं लेबल वर चिकटवलं तरी ते खाली वाचता येतं. नव्या बाटल्या घाऊक घ्या. पत्र्याचे डबे मात्र एकदा वापरले की अन्नाला पुन्हा वापरायचे नाहीत.

काजूबोंड | ७ मे, १२:४५

दारूवरून आठवलं, बोंडांची वाइन घरी करून विकता येईल?

कायदाकोश | ७ मे, १३:०२

नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. घरी गाळणं आणि विकणं दोन्हीला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हवा, अन्न नोंदणीचा त्याला उपयोग नाही. गोव्यात काजूच्या भट्ट्या चालतात त्यासुद्धा तिथल्या अबकारी खात्याच्या लिलावात घेतलेल्या विभागांवर. बोंडांचं सरबत करा, नाहीतर वाळवून गोड फोडी करा.

शेतीखाते_मित्र | ७ मे, १५:१५

आंब्या-काजूच्या कलमांचा प्रश्न तसाच राहिला. अन्न परवान्याशी त्याचा संबंध नाही. फळझाडांच्या रोपवाटिकेला महाराष्ट्रात १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि परवाना कृषी विभागाकडून घ्यावा लागतो. मातृवृक्ष कुठले, खुंट कुठला, किती कलमं बांधली आणि कुणाला विकली याची नोंदवही ठेवा. 'हापूस' म्हणून दिलेलं कलम सात वर्षांनी रायवळ निघालं तर गिऱ्हाइकाचं केवढं नुकसान होतं, ते या नोंदींमुळे टळतं.

बियाण्याला उलट मोकळीक आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी स्वतःचं बियाणं विकू शकतो, अगदी संरक्षित वाणाचंही, पण ब्रँड लावून नाही. गांडूळखत पिशव्या भरून खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागतो.

परसदार | ७ मे, १६:४०

'सेंद्रिय' असं छापता येईल? खरंच काही फवारत नाहीत.

शेतीखाते_मित्र | ७ मे, १७:०५

२०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांत लहान मूळ उत्पादकाला सूट आहे: उलाढाल १२ लाखांच्या आत आणि माल थेट अंतिम गिऱ्हाइकाला. तेवढ्यात प्रमाणपत्राशिवाय 'सेंद्रिय' म्हणता येतं, पण 'जैविक भारत' चिन्ह लावता येत नाही. दुकानात ठेवायला दिलं की सूट संपली. मग पीजीएस गट करा, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेती तपासून हमी द्यायची; किमान पाच शेतकरी लागतात.

'मधुमेहावर गुणकारी', 'चरबी घटवणारं आगळ' असलं काही छापू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरातही जाहिरातच. आगळाची चव स्वतःच पुरेशी आहे हो.

फॉर्मवाला | ७ मे, १८:२०

परसदार, मूळ यादीवरून तुमच्या कुटुंबाने आधी फॉसकॉस नोंदणी करावी: लोणचं, आगळ, आमसूल, काजूगर, मध सगळं एकत्र. ती हाती येईपर्यंत लेबल छापायला टाकू नका, १४ अंकी क्रमांक त्यावर यायचा आहे. तोवर आंबा आणि अंडी निर्धास्त विका. कलमांचा अर्ज कृषी कार्यालयात वेगळा, आणि तो आत्ताच करा, जून तोंडावर आहे. भांडीकुंडी, पल्पर, सीलिंग यंत्र घ्यायचं असेल तर पीएमएफएमई या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख, पण ते बँक कर्जाला जोडलेलं. तालुका कृषी कार्यालयात जिल्हा संसाधन व्यक्तीचा संपर्क मिळतो.

परसदार | ७ मे, १९:०२

पुण्यातल्या सोसायटीच्या आवारात टेबल लावायचं तर त्याची वेगळी नोंदणी हवी? आणि महामार्गावर आंब्याचा मांडव?

कायदाकोश | ७ मे, १९:३५

नोंदणी जागेगणिक असते. पुण्यात कायमचा गाळा घेतलात तर त्याची वेगळी लागेल. तात्पुरत्या टेबलावर घरची नोंदणी झालेला, लेबल लावलेला माल ठेवताना नोंदणीची प्रत लॅमिनेट करून समोर लावा, आयोजक आणि सोसायटीवालेही आधी तीच मागतात. पावती दिलीत तर तिच्यावर १४ अंकी क्रमांक हवा, १ जानेवारी २०२२ पासून तो सक्तीचा आहे. शेतकरी आठवडे बाजारात जागा हवी असेल तर पणन मंडळाकडे चौकशी करा, तिथे सातबारा मागतात.

महामार्गाच्या हद्दीत मांडव नको. ती जमीन २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली येते आणि अतिक्रमण म्हणून काढतात. हद्दीचे दगड बघा, त्यांच्या पलीकडे खाजगी जमिनीत, मालकाच्या लेखी संमतीने टाका, आणि गाड्या रस्त्यावर न थांबता आत वळतील एवढी जागा सोडा.